फाट्यावरचे अण्णा

शिरूर तालुक्यातल्या कुठल्याही फाट्यावर, चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर, एक अण्णा बसलेले असतात. (दौंडकडे, पाटसच्या बाजूला गेलात की त्यांचे तात्या होतात, बाकी टोपीपासून तंबाखूच्या चंचीपर्यंत ऐवज तोच.) रविवारी सकाळी पुण्याकडून गिअरच्या सायकली आल्या, की अण्णा सावरून बसतात. गिऱ्हाईक आलं!

“कुठं निघाली म्हणायची फौज?”

“निघोजला. रांजणखळगे बघायला. पाटाच्या वाटेनं.”

अण्णा लगेच बोलत नाहीत. आधी हेल्मेट बघतात, मग गुडघ्यांवरच्या गाद्या, मग हँडलला लटकवलेली, रानात हरवल्यावर वाजवायची शिट्टी.

“आन् काठी?”

काठी नसते. लाखभराच्या सायकलला काठी अडकवायची सोयच नसते.

मग सुरू होतं. पाटाच्या कडेला शेवाळ असतं, आत घसरलेला माणूस उतरत्या काँक्रीटवरून वर येत नाही. हात धुवायलासुद्धा खाली जायचं नाही. वस्तीवरचं कुत्रं धावून आलं तर सायकल दामटायची नाही. उतरायचं, सायकल मधे धरायची आणि हाक मारायची, कुत्र्याला नव्हे, त्याच्या मालकाला. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागून ओव्हरटेक करायचं नाही, कारण ड्रायव्हरच्या टेपपुढं तुमची घंटी म्हणजे डासाची गुणगुण. कुकरची शिट्टी ऐकू आली आणि आसपास घर नसेल, तर ती घोणस समजायची. चावलीच तर दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना. इथं अण्णांच्या मेव्हण्याची गोष्ट येते. मेव्हण्याला दर रविवारी वेगळा साप चावतो, पण सल्ला एकदाही चुकलेला नाही.

मोबाइलच्या नकाशावर पोरांचा फार विश्वास. नकाशात वाट दिसते, वस्तीवरचं कुत्रं दिसत नाही. म्हणून माझं मत अण्णांच्या बाजूनं आहे, मेव्हण्यासकट.

बिबट्याच्या विषयात अण्णा पूर्वी फार रंगायचे. जनावराची लांबी श्रोत्यांच्या संख्येवर ठरायची. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लेकरंही होती. बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. तेव्हापासून हा भाग ते आवाज न चढवता सांगतात, मेव्हण्याला मधे न आणता. दिवस मावळायच्या आत डांबरीला लागा. एकटं कुणी मागं राहू नका. उसाच्या कडेला उकिडवं बसू नका, बसलेलं माणूस त्याला शेरडाएवढं दिसतं. तोड चालू असलेल्या फडाजवळ तर थांबूच नका. पिल्लं उघडी पडलेली असतात आणि मादी लांब नसते. पिल्लू दिसलंच तर फोटो नको, उचलणं तर नकोच, 1926 लावून वन खात्याला कळवा.

पोरं मुकाट्यानं मान डोलावतात. चहाचे पैसे अण्णा देऊ देत नाहीत; ते टपरीवाल्याच्या वहीत जातात आणि तिथंच राहतात.

“अण्णा, संध्याकाळी परत येताना भेटाल ना इथं?”

“छ्या! आज लवकर जेवून पडायचंय. ह्या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची. बाराला मोटार चालू करायची, उसाला पाणी द्यायचंय.”

पोरं एकमेकांकडे बघतात. “एकटे? रात्री? उसात?”

“एकटा कशानं? बॅटरी असती, मोबाइलवर भजन लावतो, फुल्ल.” अण्णा चंची गुंडाळतात. मग हँडलकडे बोट करतात. “ती शिट्टी वाजती का?”

“वाजते की.”

“मग ठेवून जावा. तुम्ही काय, दिवसाचंच फिरताय.”