सांडलेला उजेड

कुंभार्ली घाटात रात्री गाडी आम्ही दोघं मिळून चालवतो. स्टिअरिंग माझ्याकडे आणि डोळे हिच्याकडे. "वळण आलं... डावीकडे दगड पडलेत... अहो, म्हैस!" असं पोफळीपर्यंत चालू असतं. हिचं माहेर चिपळूणचं. शनिवारी शाळा सकाळची असते, तरी कऱ्हाडातून निघता निघता दिवेलागण होतेच. मग पाटण, कोयनानगर, हेळवाक करत घाटाच्या तोंडाशी यावं तर पुढे नुसती काळी शाई.

या अंधाराची गंमत अशी की कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, आणि त्यातली कितीतरी वीज याच डोंगराच्या पोटात, पोफळीच्या अंगाला तयार होते. त्या डोंगराच्या अंगावरून माझी गाडी दोन पणत्या घेऊन उतरते. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण मी तीस वर्षं आठवीला शिकवली, पण तिचा एवढा बिनचूक पत्ता मला ठाऊक नव्हता.

गेल्या पावसाळ्यात एका वळणावर खरोखरच एक म्हैस रस्त्यात बसलेली निघाली. डांबर काळं, रात्र काळी, म्हैस काळी. तिने मान वळवली, डोळे चमकले, म्हणून आम्ही तिघं वाचलो. पोफळीला चहा पिताना ही म्हणाली, "आधी डोळे तपासून घ्या." घेतले. पाव नंबर वाढला होता. नव्या चष्म्यातून अंधार पहिल्यापेक्षा रेखीव दिसू लागला. मग संशयाची सुई गाडीकडे वळली.

गाडी २००७ सालची. कागदोपत्री ती सेडान आहे, पण आमच्या सोसायटीत तिला 'डिकीवाली' म्हणतात. तिच्या हेडलाइटची काच मी दिवसाउजेडी प्रथमच नीट बघितली. एके काळी लखलखीत असलेली ती काच हळदीच्या दुधासारखी झाली होती. काच म्हणायचं एवढंच, असतं ते पॉलिकार्बोनेट. वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ते पिवळं पडतं. खऱ्या काचेचे दिवे होते तेव्हा दगड लागून फुटायचे, पण म्हातारे होत नसत.

गाड्यांच्या सामानाच्या दुकानातल्या पोराने निदान पाच सेकंदांत केलं. "सर, पिवळा उजेड गेला आता. एलईडी टाका, रात्रीचा दिवस होतो." खोक्यावर '६००० के' असं लिहिलं होतं. "के म्हणजे काय रे?" "क्वालिटी, सर." तो केल्विन असतो, त्यावरून उजेडाचा रंग कळतो आणि उजेड किती हे मुळीच कळत नाही, हे मी नंतर वाचलं. साधा हॅलोजन ३२००च्या आसपास, म्हणून पिवळसर. ६०००चा पांढराफेक. फ्रान्समध्ये १९९३पर्यंत पिवळ्याच हेडलाइटची सक्ती होती, हे त्या पोराला सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी मलाही रात्रीचा दिवसच हवा होता. शेजारी १००/९० वॅटचे हॅलोजन बल्बही होते. मूळचा बल्ब ६०/५५चा. त्या जास्तीच्या खोक्यावर बारीक अक्षरात 'ऑफ-रोड वापरासाठी' असं होतं, म्हणजे बहुधा गाडी रस्ता सोडून उसात घालायची. मी सभ्य माणसासारखा एलईडीचा जोड घेऊन आलो.

"मेकॅनिककडे न्या ना," ही म्हणाली.

"बल्ब तर बदलायचाय," मी म्हणालो. या वाक्याने आजवर किती रविवार खाल्ले असतील!

हेडलाइटचा बल्ब बदलणं हे आंधळ्या कोशिंबिरीसारखं काम आहे. बॉनेट उघडलं की दिव्याची फक्त पाठ दिसते, आणि डाव्या बाजूला त्या पाठीला पाठ लावून बॅटरी बसलेली. मधल्या फटीतून हात घालायचा. आधी तीन पायांचा जोड उपसायचा, मग रबरी टोपी सोलायची, मग आतली तारेची क्लिप दाबून बाजूला सारायची. दिसत यातलं काहीच नाही. बोटांनी चाचपडत एकेक अक्षर लावावं तसं चालतं. मनगट आत गेलं, बाहेर येईना. क्लिप सुटली ती टणकन उडून इंजिनाच्या कुठल्या कपारीत गेली, तिला शोधण्यात पाऊण तास गेला. बोटांच्या पेरांची सालं निघाली, ती वेगळीच.

शेवटी जुना बल्ब हातात आला. देखणी वस्तू आहे हो ती. अंगठ्याएवढी काच आणि आत दोन तारा, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी, भातुकलीतल्या पळीसारखी. ही वाटी कशाला असावी असा विचार करत मी बल्ब डोळ्यांजवळ नेला, तोच पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला.

"सर, काचंला बोट लावू नका! तेलकट डाग ऱ्हायला की तितंच तापून फुटतीय."

हे नाना. बोर्डात लाइनमन होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. तरी सोसायटीत फ्यूज उडाला की लोक आधी नानांना हाक मारतात, मग ऑफिसला फोन लावतात. मी बोट मागे घेतलं, एलईडी बसवले. त्यांच्या पाठीला छोटे पंखे होते, त्यामुळे रबरी टोपी काही केल्या बसेना. ती खिशात घातली. नाना वरून बघत होते आणि बोलत नव्हते. ते बोलत नाहीत तेव्हा मला भीती वाटते.

संध्याकाळी दिवे लावले. समोरची भिंत वरातीतल्यासारखी पांढरी झाली! भिंतीवरचं 'येथे कचरा टाकू नये' आणि खालचा कचरा, दोन्ही लख्ख. मी हरखून पाटण रस्त्यावर चक्कर मारायला निघालो. पाच मिनिटांत समोरच्या एसटीने अप्पर मारला, म्हणजे डिपर दे. मी डिपरवरच होतो. त्याने पुन्हा मारला. हा माझा डिपरच आहे हे पटवून देण्यासाठी मी त्याला माझा अप्पर दाखवला. त्यावर ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून जे म्हटलं ते मराठीतच होतं, पण आठवीला शिकवता येणार नाही. पुढे ट्रॅक्टरवाला, मग दुधाचा टेम्पो, मग एक सायकलवाला. त्याच्याकडे मारायला लाइट नव्हती म्हणून त्याने नुसता हात डोळ्यांवर धरला.

मी घरी येऊन चहा टाकला. दहा मिनिटांनी ही मंडईतून स्कूटरवरून आली ती तणतणतच. "नाक्यावर कोण मेला गाडी घेऊन आला होता! डोळ्यांपुढे काजवे चमकले. गटारात जाणार होते मी."

"कुठली गाडी होती?"

"दिसली असती तर नंबर नसता का घेतला?"

मी चहात आलं जरा जास्तच किसलं.

लहानपणी आजोबांच्या बैलगाडीला साटीखाली कंदील लटकवलेला असायचा, दोन चाकांच्या मधे, झोके खात. त्या उजेडात रस्ता काही दिसत नसे. रस्ता बैलांना पाठ होता. कंदील होता तो समोरून येणाऱ्याला गाडी कळावी म्हणून. पुढे मोटारींच्या हेडलाइटवर मधोमध काळा ठिपका रंगवलेला असायचा, बाळाला तीट लावावी तसा. तोही समोरच्याच्या डोळ्यांसाठी. हे मला त्या रात्री सुचलं. जरा आधी सुचलं असतं तर सायकलवाल्याचे आशीर्वाद मिळाले असते.

दुसऱ्या दिवशी नाना न बोलावता खाली आले. हातात मीटर. आधी त्यांनी वाटीचा उलगडा केला. डिपरच्या तारेचा खाली जाणारा उजेड ती वाटी अडवते, नाहीतर तो आरशावर आपटून वर उसळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आरशाचा बाक त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. त्या जागी दुसरं काही बसवलं, जागा केसभर हलली, की उजेड कुठेही उधळतो. "तुमचा एलईडी वाईट न्हाय सर," नाना म्हणाले, "पर ह्यो आरसा त्येचा न्हवं."

जुने बल्ब परत बसले. रबरी टोप्याही. दिवे लावून नानांनी मीटरच्या सुया आधी बॅटरीला लावल्या. १२.६ व्होल्ट. मग बल्बच्या पायाशी. ११.३.

"बघितलं? लाइट कमी न्हाय. वाटंत सांडतीया."

मला आकड्यांचं भय आहे हे ओळखून त्यांनी पाटाच्या पाण्याचा दाखला दिला. पाटाला पाणी सोडलं की वरचे लोक भिजवून घेतात, काही मुरतं, काही झिरपतं, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओल येते. आमच्या गाडीत वीज बॅटरीतून निघून आधी डॅशबोर्डाच्या आत, मग स्टिअरिंगजवळच्या स्विचच्या दांडीपर्यंत आणि तिथून उलट वळून पुढे दिव्याकडे येते. सतरा-अठरा वर्षांची बारीक वायर, गंजलेलं अर्थिंग, काळे पडलेले जोड. आणि बल्बचा स्वभाव असा तिखट की व्होल्टेज दहावा हिस्सा घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. मी नवा झरा शोधायला निघालो होतो आणि इथे पाटच फुटलेला.

इलाज म्हणजे रिले. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायरचा सरळ पाट काढायचा, मधे फ्यूज घालायचा, आणि दांडीने फक्त दार उघड-बंद करायचं. दोन्ही डिपर मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात. तो सगळा भार त्या बिचाऱ्या दांडीवरून उतरतो. तयार वायरिंग एलईडीच्या निम्म्या किमतीत मिळालं. अर्थिंगचा नट नानांनी सोडवून खालचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला, पत्रा चांदीसारखा झाल्यावर पुन्हा आवळला. मी टॉर्च धरला होता. टॉर्च नीट धरता येत नाही म्हणून दोनदा बोलणी खाल्ली. रिले टक् करून वाजला आणि नाना स्वतःशीच हसले. खांबावरून उतरून गावात लाइट आलेली बघताना ते असेच हसत असणार.

राहिली काच. चिपळूणहून मेहुण्याने फोनवर टूथपेस्टचा उपाय सांगितला. केला. आठवडाभर काच बरी दिसली आणि गाडीला पुदिन्याचा वास आला, मग पुन्हा जैसे थे. शेवटी वॉटर पेपर आणला. आठशे, पंधराशे, दोन हजार, असा खरखरीतकडून मऊकडे जाणारा. भोवती पत्र्याला चिकटपट्टी लावली आणि पाणी मारत घासायला बसलो. पहिल्या पाच मिनिटांत काच होती त्याहून वाईट होते. पिवळी जाऊन दुधी, चक्क मोतीबिंदू. फिरायला निघालेले तिघं थांबून "काय हे केलंत!" अशा चेहऱ्याने पुढे गेले. बादलीत पिवळट पाणी साचत होतं. पेपर बारीक होत गेला तसा हाताला खरखर लागेनाशी झाली, पॉलिश फिरवलं आणि मग आतल्या आरशाच्या उभ्या रेघा एकाएकी दिसू लागल्या. त्या तिथे होत्या हेच मी विसरलो होतो. वर उन्हापासून वाचवणारा थर द्यावाच लागतो, नाहीतर दोन-चार महिन्यांत घासलेली काच आणखी पिवळी होते.

आता नेम. भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी केली. दिव्याच्या उंचीवर मी खडूने रेघ मारली, खाली तीन इंचांवर दुसरी. डिपरच्या उजेडाची वरची कड दुसऱ्या रेघेवर यायला हवी. डाव्या अंगाला ती थोडी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो आणि कडेचा माणूस दिसायला हवा. नाना ड्रायव्हरच्या जागी वजन म्हणून बसले, मी बॉनेटमधला स्क्रू पिळत होतो. "वर... खाली... सर, खाली म्हन्लं!" विद्यार्थी आणि मास्तर यांच्या जागा बदलल्या होत्या, खडू तेवढा माझ्याकडे राहिला.

ही गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "आणि येताना? डिकीत फणस असतात तेव्हा?"

नाना स्टिअरिंगवरून मान वर करून तिच्याकडे बघतच राहिले. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर जातं आणि नाकाबरोबर दिवे. म्हणजे इतकी वर्षं चिपळूणहून येताना आम्ही नारळ, फणस आणि कोकमाच्या बरण्यांच्या जोरावर अख्खा घाट दिपवत येत होतो. नानांनी स्टिअरिंगच्या उजवीकडे एक बारकं चाक दाखवलं, त्यावर ०, १, २, ३. फिरवलं की भिंतीवरचा उजेड खाली बसतो. मी ते एसीचं समजत होतो.

परवाच्या शनिवारी निघालो. हेळवाक सोडलं, घाट लागला. दिवस वगैरे काही झाला नव्हता, रात्र रात्रच होती. पण कडेची पांढरी पट्टी वळणापर्यंत सलग दिसत होती, कठड्याचे दगड एकेक मोजता येत होते. समोरून एसटी आली. मी डिपर दिला, तिनेही दिला, मुकाट्याने गेली.

बराच वेळ शेजारून 'दगड' नाही, 'वळण' नाही. मला वाटलं काही बिनसलं. बघतो तर हिची मान खिडकीला टेकलेली, गाढ झोप. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हैस आली तर माझी मलाच बघायची होती.

पोफळीच्या टपरीपाशी गाडी थांबवली तशी ती जागी झाली. "आलाय का घाट?"