नुसता दीड

"काका, हा किती वॅटचाय?"

"दीड."

"दीड हजार?"

"नुसता दीड."

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग थोरल्या माणसाच्या दुखण्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाला, "असू द्या. वेळ तर जातोय ना." त्याची डीजेच्या धंद्यात भागी आहे. त्याचा टेम्पो वाशीच्या रस्त्यानं निघाला की आमच्या मांडणीवरच्या वाट्या आपल्या पायांनी पुढं सरकतात, आणि बायको एका हातानं वाट्या व दुसऱ्या हातानं काळीज धरून उभी राहते. अशा माणसापुढं दीड वॅटचा ॲम्प्लिफायर ठेवणं म्हणजे तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यापुढं जाऊन टिकली वाजवण्यासारखं.

पण मला टिकलीच वाजवायची होती. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, शेतात खोड्या काढतात किंवा लोकांच्या लग्नाळू पोरांची यादी ठेवतात. मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. शाळेत असताना बार्शीला गेलो की एसटीचे पैसे राखून उरलेल्यातून घेतलेले सुटे भाग त्यात होते. बीसी 547, सोनेरी पायांचा एसएल 100, गंजके स्क्रू, आणि रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स. या पट्ट्यांचे आकडे पाठ व्हावेत म्हणून आमच्या पिढीला एक मंत्र दिला होता: बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाईफ. पहिल्या अक्षरावरून काळा, तपकिरी, लाल, असं पांढऱ्यापर्यंत जायचं. हा रॉय कोण, बिलायतेला कशाला गेला, कुणाला माहीत नाही. त्याच्या बायकोच्या चांगुलपणाची ग्वाही मात्र देशभरच्या पोरांनी इतकी वर्षं एकमुखानं दिली. आता चष्म्यातून तपकिरी आणि लाल सारखेच दिसतात, त्यामुळं रॉयलासुद्धा आधी मीटर लावून बघावं लागतं.

आमच्याकडं ट्रान्झिस्टर म्हणजे अख्खा रेडिओ. कातडी पिशवीतला, बांधावरच्या बाभळीला टांगलेला. त्यामुळं लहानपणी मी आज्जीला हरभऱ्याएवढा काळा, तीन पायांचा तुकडा दाखवून "ट्रान्झिस्टर हा असतोय" म्हणालो, तेव्हा तिनं तो उलटासुलटा करून विचारलं, "मग गाणं कुठून येतंय?"

प्रश्न बिनतोड होता. गाणं त्यातून येतच नाही. 1947च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटेन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला. 23 तारखेला तो साहेबांना दाखवला, तोही असाच: त्यातून बोलायचं, मध्येच तो जोडायचा, मध्येच काढायचा, आणि आवाजातला फरक कानानं ऐकायचा. (आमच्या जिल्ह्यावर त्या दिवशी अजून निजामाचं राज्य होतं, ते जायला पुढचा सप्टेंबर उजाडला.) म्हणजे संगणक, मोबाईल ही ट्रान्झिस्टरची नंतरची बढती. पहिली नोकरी ॲम्प्लिफायरचीच.

ती नोकरी काय असते हे ज्यानं दारं धरलीत त्याला शिकवावं लागत नाही. विहिरीवरची मोटर दांडात पाणी ढकलते. ते पाणी दारं धरणाऱ्याच्या घरचं नसतं. तो फक्त खोऱ्यानं दोन ढेकळं इकडची तिकडं करतो, आणि सगळं पाणी ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात वळतं. ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायावर मोबाईलमधून येणारी किरकोळ वीज म्हणजे ते खोरं, आणि ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज म्हणजे दांडाचं पाणी. खोरं जसं हलेल तसं पाणी वळतं. स्पीकरला वाटतं, काय हा गाणारा!

आता एकाच माणसाला सगळं काम दिलं तर तो गाणं नसतानासुद्धा तापत बसतो. म्हणून शेवटी दोघं ठेवायचे, बीडी 139 आणि बीडी 140. गाण्याच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एकानं सांभाळायचा, खालचा दुसऱ्यानं. घोटाळा पाळी बदलताना होतो. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बेसवर 0.6 व्होल्टच्या आसपास आल्याशिवाय डोळा उघडत नाही. त्यामुळं एकानं खोरं टाकलंय आणि दुसरा अजून घोंगड्यातून उठलेला नाही, असा एक क्षण प्रत्येक लहरीत दोनदा येतो. गाणं मोठ्यानं लावलं तर तो खपून जातो. हळू लावलं की गाणाऱ्याच्या घशात भाकरीचा तुकडा अडकल्यासारखा आवाज येतो. इंजिनिअर लोक त्याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. ज्याच्या मोटरीला रात्रीची लाईट असते, त्याला ह्या दुखण्याचं नाव सांगायची गरज नाही.

उपाय दोन रुपड्यांचा आहे. दोघांच्या बेसच्या मधे दोन डायोड टाकायचे. मग पाळी नसलेल्यालाही थोडी थोडी वीज मिळत राहते. म्हणजे चहा देऊन बांधावर बसवून ठेवल्यासारखं. हाक आली की नुसतं उठायचं. यातही एक मेख आहे. ट्रान्झिस्टर गरम झाला की जास्त वीज ओढतो, जास्त ओढली की आणखी गरम होतो, आणि भावकीच्या वादासारखं हे कुणीतरी जळाल्याशिवाय थांबत नाही. म्हणून डायोड त्याच पत्र्याला चिकटवायचे. ट्रान्झिस्टर तापले की डायोडही तापतात आणि आपणहून चहा कमी करतात. मला ह्या सगळ्या मांडणीतली ही जागा फार आवडते. बाकीचं काय, वायरी जोडणं आहे.

पत्र्याचं मात्र रामायण झालं. ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर काढायला ॲल्युमिनियमचा पत्रा लागतो, आणि आमच्या घरात बेवारस ॲल्युमिनियम एकच होतं: दुधाच्या पातेल्यावरचं झाकण. मी ते कापलं, भोकं पाडली, दोन्ही ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी कसले आणि बटण दाबलं. फट्! फ्यूज गेला. ट्रान्झिस्टरची धातूची पाठ आतून त्याच्या कलेक्टर नावाच्या पायाला जोडलेली असते. एकाचा कलेक्टर अधिक बाजूला, दुसऱ्याचा उणे बाजूला, आणि मी दोघांची पाठीला पाठ एकाच झाकणानं लावून दिलेली. मधे अभ्रक घालायचं असतं हे मला चाळीस वर्षांपूर्वी माहीत होतं. इस्त्री दुरुस्त करणाऱ्याकडून अभ्रकाचे दोन तुकडे आणले. त्यानं पैसे घेतले नाहीत, चौकशी मात्र भरपूर केली.

"झाकण कुठाय?" बायकोनं विचारलं.

"उष्णता कमी करायला लावलंय."

"कुणाची?" ती म्हणाली.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा आवाज आला. गाण्याचा नव्हे. घुं... असा एकसुरी, पोटातून आलेला. आणि एकदम आज्जी आठवली. शाळेत असताना केलेला माझा पहिला ॲम्प्लिफायर ऐकून ती दारातूनच म्हणाली होती, "कायकी घुमायलंय बघ, भुंगा शिरलाय." त्या वेळी मी रुसलो होतो. आता कळतं, तिचं निदान अचूक होतं. आपल्या घरची वीज सेकंदाला 50 वेळा पुढंमागं होते. ती डायोडच्या ब्रिजमधून सरळ केली की सेकंदाला 100 हिसके येतात. ॲम्प्लिफायर बिचारा प्रामाणिक. गाणं दिलं तर गाणं मोठं करतो, हिसके दिले तर हिसके. ते जिरवायला मोठा कपॅसिटर लागतो. आमच्याकडं नळ रोज येत नाही. आला की रांजण भरतो आणि मधल्या दिवसांत रांजणातलं पाणी घेतो, त्यामुळं घरात पाणी वाहतंय असं वाटत राहतं. कपॅसिटर हा विजेचा रांजण. माझा रांजण डब्यातला, शाळेच्या वेळचा, आतून पार वाळून गेलेला. जुनं वापरून वाचवलेले पंधरा-वीस रुपये अखेर 4700 मायक्रोफॅरडचा नवा रांजण आणण्यात गेले. भुंगा गेला. आता स्पीकरला कान लावला तर एखादी मधमाशी आहे, ती असू दे.

वॅटचा हिशोब असा. ट्रान्सफॉर्मर 9 व्होल्टचा, सरळ करून 12 च्या आसपास वीज मिळते. 8 ओहमच्या स्पीकरवर कागदावर सव्वादोन वॅट निघतात. ट्रान्झिस्टरांनी आपापला वाटा मारला की हाती दीड उरतो. खव्याच्या मुलखात ह्याचं कुणाला नवल वाटू नये. चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा कुठं किलोभर खवा दिसतो.

स्पीकरला खोकं नव्हतं. टेम्पोवाल्यांची जुनी युक्ती वापरली: माठ. गार करायचं सोडलेला बायकोचा एक माठ होता, तो बऱ्याच वाटाघाटींनंतर मिळाला. त्याच्या तोंडावर चार इंची स्पीकर बसवला, आणि नुसता चिरका वाटणारा आवाज एकदम पोटभर जेवल्यासारखा झाला. पोकळ भांडं ठरावीक सुराला कसं घुमतं ह्याचं गणित हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात मांडलं. वाशीत ते माठाच्या भावात मिळतं.

पुतण्याला मी हा सगळा कारभार दाखवला. तो माठाकडं बघून हसला. मग मी त्याला कानाचा हिशोब सांगितला. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे माझ्या दीड वॅटचे त्याचे दीड हजार केले, हजारपट डिझेल जाळलं, तर त्याच स्पीकरवर कानाला वाटणारा आवाज आठेक पट.

"आठच?" त्याला पटलं नाही. मोबाईल काढून आकडेमोड केली. दहा, शंभर, हजार. तीन वेळा दुप्पट. "आणि वाट्या?"

"वाट्यांना कान नसतात. त्यांना सगळे वॅट पोचतात."

तो उठून गेला नाही, हे खरं. दिवेलागण झाली होती. मी मोबाईलवर एक जुनं गाणं लावलं. माठ कोपऱ्यात होता, आवाज इतकाच की स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा ठेका त्यातून वेगळा ऐकू यावा. दोन्ही डायोड जागे होते, त्यामुळं हळू सूरसुद्धा कुठं अडखळत नव्हते. पुतण्यानं हात पुढं करून आवाजाचं बटण वाढवायचा प्रयत्न केला. ते आधीच पूर्ण फिरलेलं होतं.

आणि लाईट गेली. पंखा मंदावला, गल्लीत कुणीतरी "गेली!" म्हणून नेहमीची घोषणा केली. गाणं मात्र अंधारात आणखी सेकंदभर चाललं, मग दमलं, तुटकं झालं आणि विझलं.

भाकरीचा ठेका थांबला. आतून बायकोचा आवाज आला, "बंद का केलं?"

"मी नाही केलं," म्हटलं. "रांजण संपला."