शब्दफोडे सर

एसटी स्टँडवर उतरायचं, रसवंतीगृह ओलांडायचं आणि झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा लोखंडी जिना चढायचा. वर शब्दफोडे सरांचा क्लास लागतो. तालुका कुठलाही घ्या. सरांचं आडनाव बदलेल, पण दारावरचा फ्लेक्स बदलणार नाही: स्पोकन, ग्रामर, स्पर्धा परीक्षा, आणि शेजारी हाताची घडी घातलेले सर. शब्दफोडे हे नाव पोरांनी ठेवलेलं. सरांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही.

सरांच्या मते इंग्रजीत लांबलचक शब्द हा गुन्हेगार असतो आणि तो टोळीने फिरतो. "पुढचा पकडा, मागचा पकडा, मधला आपोआप कबूल होतो." पुढचा म्हणजे उपसर्ग, मागचा म्हणजे प्रत्यय. ही विद्या त्यांना दोन ग्रंथांतून मिळाली. एक म्हणजे नॉर्मन लुईसचं 1949 सालचं 'वर्ड पॉवर मेड ईझी', फुटपाथवर घेतलेली प्रत, काही पानं उलटी बांधलेली. दुसरा रेन अँड मार्टिन. त्यातल्या रेनसाहेबांनी फ्रान्सच्या वाळवंटी फौजेवर 'बो जेस्ट' नावाची कादंबरी 1924 मध्ये लिहिली, हे सर आवर्जून सांगतात. "उगाच नाही व्याकरणात एवढी कवायत!"

पहिल्या दिवशी सर काही न बोलता फळ्यावर अठ्ठावीस अक्षरांचा एक शब्द लिहितात: अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम. निम्मा वर्ग दप्तर आवरायला लागतो. मग सर रंगीत खडू घेतात आणि एकेक सांधा मोकळा करतात. एस्टॅब्लिश म्हणजे इंग्लंडच्या चर्चला मिळालेली सरकारी मान्यता. डिस म्हणजे ती काढा. अँटी म्हणजे काढणाऱ्यांना आडवे जा. एकोणिसाव्या शतकात तिकडे यावरून मोठं रण माजलं आणि 1869 साली आयर्लंडमधल्या चर्चबाबत मान्यता काढण्याचा कायदाही झाला. वर्गात शांतता. मग सर म्हणतात, "देवस्थान सरकारी ट्रस्टकडे असू दे म्हणणारे आपल्याकडे आहेत का? काढून घ्या म्हणणारे आहेत का? मग 'खबरदार काढलंत तर' म्हणणारे तेच हे अँटीवाले." सगळ्या माना एकदम हलतात. देवस्थानाचं भांडण ज्याला कळत नाही असं पोर महाराष्ट्रात जन्माला यायचं आहे.

या पोरांच्या आईबापांनी एबीसीडी पाचवीत पाहिली होती. 2000 सालापासून मराठी शाळेतही इंग्रजी पहिलीपासून आलं, म्हणजे भीती चार वर्षं अलीकडे आली, एवढंच. त्यामुळे सर आधी भीती फोडतात आणि तिथे आपलं व्याकरण बेधडक वापरतात. 'इन'पुढे प, ब, म ही ओठांची अक्षरं आली की त्याचं 'इम' होतं, ल आला की 'इल', र आला की 'इर'. "यात नवल काय? उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख ना? मग इन अधिक लीगल म्हणजे इल्लीगल. संधी आहे बाळा, संधी!" इथवर सर सोळा आणे खरे. पुढे मात्र त्यांची गाडी घसरते. अनर्थातला 'अन्' आणि अनार्कीतला 'अन' सारखाच आहे हे दाखवून ते जाहीर करतात, "आपलाच उपसर्ग नेला चोरांनी." चोरीबिरी काही नाही. संस्कृत आणि ग्रीक एकाच कुळातल्या, दोघींना तो वारशात मिळाला. पण भाऊबंदकीत हे कुणाला पटवणार?

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने एक चौकट काढलेली आहे आणि तीवर लिहिलंय: अपवाद. ती पुसायची नाही. सिद्धान्ताला न जुमानणारे शब्द तिथे कोंडलेले असतात. सगळ्यात जुना कैदी म्हणजे इन्फ्लेमेबल. तो शेवटच्या बाकावरच्या पोराने आणला.

"सर, पेट्रोलच्या टँकरवर इन्फ्लेमेबल लिहिलंय."

"मग?"

"इन म्हणजे नाही. म्हणजे टँकर पेट घेत नाही?"

सरांनी दोन मिनिटं खडू झटकला आणि शब्द चौकटीत टाकला. खरं तर लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत, एक नकाराचा आणि एक 'आत' या अर्थाचा, आणि हा दुसरा. पोराची शंका मुळीच बावळट नव्हती. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या आगप्रतिबंधवाल्यांनाही हीच धास्ती वाटली आणि पुढचं 'इन' काढून नुसतं फ्लेमेबल लिहा असा आग्रह त्यांनी धरला. आपले टँकर अजून 'इन'सकट धावतात. चौकटीत फ्रेंडलीही आहे, कारण शेवटी 'ली' असून तो क्रियाविशेषण व्हायला तयार नाही. डिसग्रंटल्ड मात्र नाही. वुडहाउसने 1938 च्या 'द कोड ऑफ द वूस्टर्स'मध्ये त्यातला 'डिस' छाटून 'ग्रंटल्ड' हा शब्द थट्टेने वापरला होता. सर तो पालकसभेत अत्यंत गंभीरपणे वापरतात: "तुमच्या मुलाबाबत मी पूर्ण ग्रंटल्ड आहे." पालक घाबरून फीचा उरलेला हप्ता भरून जातात.

घरी ही विद्या चालत नाही.

"अहो, भाजी आणलीत का?"

"अनब्रॉट राहिली."

"मग जेवण अनकुक्ड राहील," असं म्हणून बाई टीव्हीचा आवाज वाढवतात. चार वर्षं शेजारच्या खोलीत बसून त्यांचाही कोर्स पुरा झालाय.

सरांच्या आयुष्यातला विजय एकच, पण दणदणीत. बँकेत नव्याने आलेल्या, कॉन्व्हेंटात शिकलेल्या साहेबांनी एकदा 'प्रिपोन'वरून त्यांना हसून घेतलं. असा शब्द इंग्रजीत नाहीच म्हणाले. सरांनी ऑक्सफर्डच्या शब्दकोशातलं पान झेरॉक्स करून, लॅमिनेट करून आणलं. प्रिपोन त्यात आहे, भारतीय इंग्रजीतला म्हणून. आणि का नसावा? पोस्टमध्ये पुढे ढकलता येत असेल, तर प्रीमध्ये अलीकडे का ओढू नये? गैर फारसीच्या वाटेने आलं आणि आपल्या सोयीला चिकटलं, त्याची गैरसोय झाली. तेव्हा कुणी हसलं नाही. सर स्वतः जी मास्तरकी करतात तिच्यातला मास्तर विलायती आणि 'की' आपली. जोडकामात मराठी माणूस कुणाला हार जायचा नाही.

आता कुणी विचारेल, पोरं इंग्रजी बोलतात का? नाही बोलत. स्पोकन हा शब्द फ्लेक्सवरच राहतो. पण तलाठ्याच्या परीक्षेत, बँकेच्या फॉर्मवर, औषधाच्या खोक्यावर अनोळखी लांब शब्द दिसला की ही पोरं पळत नाहीत. पेन्सिल काढतात आणि रेघा मारतात. पाचांतल्या तीन वेळा अर्थ लागतो आणि उरलेल्या दोन वेळा ते 'अपवाद' म्हणून पुढे सरकतात. इंग्रजी माध्यमातली पुष्कळ मुलं तोच शब्द झोकात उच्चारतात आणि अर्थ गूगलला विचारतात.

तेव्हा पोराने फाडफाड बोलावं असं वाटत असेल तर त्याला दुसरीकडे घाला. वाचून समजावं असं वाटत असेल तर जिना चढा. फी आगाऊ भरावी लागते. पावतीच्या तळाशी नॉन-रिफंडेबल असं छापलेलं आहे, आणि हा एक शब्द सरांनी आजवर वर्गात फोडून दाखवलेला नाही.