टॅबमामा

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तुम्ही पोट धरून, वाकून शिरलात तरी पहिला प्रश्न पोटाचा येत नाही. "आभा हाय का?" असा येतो. एका सभ्य गृहस्थांनी बायकोकडं चोरून बघत "छे छे, कोण आभा?" म्हटल्याचं सगळ्या वेटिंगनं ऐकलंय.

विचारणारे ते कंपौंडरमामा. आता त्यांना सगळे टॅबमामा म्हणतात. पूर्वी हेच मामा लाल मिक्श्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून "एकेक खाच, दिवसातनं तीनदा" सांगायचे. मग डॉक्टरांची सून एम.डी. होऊन आली, केस पेपरची मांडणी माळ्यावर गेली आणि मामांच्या हातात टॅब आला. आधी ते त्याला भ्यायचे. आता दवाखाना त्यांना भितो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं, हे मामा न अडखळता सांगतात. स्वतःच्या लग्नाची तारीख विचारली तर मामींना फोन लावतात. आभा म्हणजे त्यातलं आरोग्य खातं, त्याचा नंबर 14 आकडी. तो काढला की इथला रिपोर्ट पुण्यातल्या डॉक्टरला दिसू शकतो, पण पेशंटनं मोबाइलवर होकार दिला तरच. कार्ड काढायची सक्ती नाही, हेही खरं. मामा हे शेवटचं वाक्य जरा हळू आवाजात सांगतात.

मामांचं खरं दैवत म्हणजे लाल चांदणी. ज्या रकान्यापुढं ती असेल तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पहिला अडसर जन्मतारखेचा. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांना गुरुजींनी शाळेत घालताना 1 जूनला जन्माला घातलंय. उरलेले शाळेतच गेले नाहीत, ते दुष्काळ आणि महापूर धरून वय सांगतात. मामा त्यांनाही 1 जूनच देतात. पहिल्या वर्षी 1 जून उजाडला आणि सॉफ्टवेअरनं दवाखान्यातनं एका झटक्यात शेकडो म्हाताऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. दोघी आज्या विचारायला आल्या, "काय झालंय मला?"

दुसरा अडसर वेदनेचा. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, हे आकड्यात सांगायचं असतं. इथं मंगळवार बाजारातली घासाघीस सुरू होते.

"किती लावू, आजी?"

"दहा लाव की."

"दहा म्हणजे बेशुद्ध. तुम्ही चालत आलाव. सहा लावतो."

"सहात गोळी मिळती का इंजेक्शन?"

"ते डॉक्टर बघतील."

"मग आठ लाव. रात्री लई ठणकतंय रे."

"बरं, सात. आता काय बोलायचं नाही."

असं सातावर दुखणं ठरतं. मामा हे मराठीत करतात, तेलुगूत करतात, कन्नडमध्ये करतात आणि हैदराबादच्या पाहुण्यांशी दखनीतही करतात. सॉफ्टवेअर फक्त इंग्रजीत करतं.

मधे मामांनी बोलून टाइप करायचं तंत्र शिकून घेतलं. एका मालकांनी "चक्कर येती" म्हणून सांगितलं, मामांनी टॅबला तेच ऐकवलं, टॅबनं "साखर येती" लिहिलं. सूनबाईंनी ते वाचून बोटातनं रक्त काढलं, तर साखर 280 निघाली. तेव्हापासनं मामा चूक दुरुस्त करायला तयार नाहीत. "त्याला आधीच कळतं," म्हणतात. मालकही आता घरी न सांगता तडक टॅबला सांगायला येतात.

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा 43 वर गेला की टॅब तापतो आणि "थंड होऊ द्या" म्हणून डोळे मिटतो. मामांनी पहिल्यांदा तो फ्रिजमध्ये, इन्सुलिनच्या शेजारी ठेवला. बाहेर काढल्यावर काचेवर दव धरलं आणि सूनबाईंचा आवाज पार रेल्वे स्टेशनपर्यंत गेला. आता तो कूलरसमोर, सोलापुरी टॉवेलच्या घडीवर निजतो. पेशंट त्याच्या शेजारच्या बाकड्यावर घाम पुसत बसतात.

मोठे डॉक्टर या सगळ्याला कंटाळलेत. एकदा ते वैतागून म्हणाले, "अरे, आपल्या सोलापूरचे कोटणीस 1938 ला चीनला गेले, लढाईच्या धामधुमीत बहात्तर-बहात्तर तास ऑपरेशनं केली. त्यांच्याकडं होता का टॅब?"

मामा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच बगा. एवढ्या लोकांचा फॉलोअप कुठाय?"

डॉक्टरांना उत्तर सुचलं नाही. तसं त्यांचंही अक्षर असं होतं की समोरचा मेडिकलवाला सोडून ते कुणालाच लागायचं नाही. औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहा, असं मेडिकल कौन्सिलनं 2016 मध्ये बजावलं, तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर प्रयत्न करून बघितला होता. टॅबनं तो प्रश्न मिटवला, एवढं मलाही मान्य करावं लागतं. जुना एक्सरे हरवत नाही, आधीच्या डॉक्टरनं काय दिलं ते "पांढरी लांबट गोळी" असं सांगावं लागत नाही.

पण मामांचं कसब चांदणीत नाही, ते सगळ्यात शेवटच्या रकान्यात आहे. तिथं चांदणी नसते, "रिमार्क्स" असतं आणि मराठी चालतं. विड्या वळणाऱ्या एक बाई खोकला घेऊन आल्या. व्यवसायाच्या यादीत नोकरी, धंदा, गृहिणी आहे, विडी नाही. तंबाखू घेता का, हो किंवा नाही? बाईंनी जन्मात विडी ओढलेली नाही, पण मजुरी हजार विड्यांवर मिळते, आणि एवढी तंबाखू दिवसभर नाकापुढंच असते. मामांनी "नाही"वर टिचकी मारली, कारण खोटं लिहिणं त्यांना जमत नाही. मग खाली लिहिलं: "ओढत नाही. वळते. खोली एक, खिडकी नाही. सून पण वळते. नातू तिथंच झोपतो." दुसऱ्या एका यंत्रमागवाल्यांच्या नावापुढं लिहिलंय: "ऐकू येत नाही असं सांगतो, बायकोचं ऐकू येत नाही, बाकी येतं. तरी तपासा, मागावर 25 वर्षं." सूनबाई वरची सगळी पानं अंगठ्यानं सरकवतात आणि थेट तळाला जातात. मी त्यांना दुसरं काही वाचताना पाहिलेलं नाही.

सगळ्यात मोठा सोहळा ओटीपीचा. आधार आईचं, त्याला जोडलेला मोबाइल मुलाचा, मुलगा हिंजवडीत. सोलापूरच्या निम्म्या घरांची हीच गत. मामा फोन लावतात, स्पीकर चालू करतात.

"मामा, मीटिंगमध्ये आहे. ओटीपी कुणाला सांगायचा नाही म्हणतात."

"मी कुणी नाही, मामा हाय. बोल."

तेवढ्यात आजी टॅबवर वाकतात. "जेवलास का रे? आवाज का असा? चटणी संपली का पाठवलेली?" मुलगा दबक्या आवाजात "हो आई, हो" म्हणतो, नातवाच्या दाताची चौकशी होते, सुनेच्या रजेची होते. मामा हातातल्या घड्याळाकडं बोट दाखवत राहतात. शेवटी मुलगा आकडे सांगतो तेव्हा टॅबवर "मुदत संपली" आलेलं असतं. पुन्हा ओटीपी, पुन्हा चटणी.

आजीचं कार्ड कधीच झालंय. तरी महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या की त्या टॅबसमोर खुर्ची ओढून बसतात.

"मामा, ओटीपी काढ."

"आजी, तुमचं झालंय. आता लागत नाही."

"लागत नाही कसं? मागल्या वेळी दोनदा लागला."

मामा चष्मा वर सारतात, रांगेकडं बघतात. रांगेतले सगळे खोकतात. "पुण्याचे जुने रिपोर्ट मागवायला पोराचा होकार लागतो," असं काहीतरी ते पुटपुटतात. आजी जन्मात पुण्याच्या दवाखान्यात गेलेल्या नाहीत.

"बरं, वेदना किती लावू तोवर?"

"लाव कितीपण," आजी म्हणतात, "आधी फोन लाव."