परग्रहवासी पाथरीला पाठवा

डब्यातली कॉफी खपवायला जपानच्या सनटोरी कंपनीने 2006 पासून थेट परग्रहावरचा निरीक्षक नेमला आहे. 'बॉस' कॉफीच्या जाहिरातींत हॉलिवूडचा टॉमी ली जोन्स परग्रहवासी होऊन पृथ्वीच्या पाहणीला येतो. कधी टॅक्सी हाकतो, कधी बांधकामावर राबतो. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू देत नाही. शेवटी डबा फोडतो, घोट घेतो आणि ग्रह अगदीच टाकाऊ नसल्याची नोंद करतो. इतकी वर्षं पाहणी चालूच. अंतिम अहवाल नाही, मुदतवाढ मात्र बिनबोभाट! आमच्या चौकशी समित्यांनी अभ्यासदौरा काढावा असं हे काम.

आमची नम्र सूचना अशी की पुढचा मुक्काम परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला ठेवावा. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्यांत बसला की असा निर्विकार चेहरा शिकवणीविना जमतो. डबाबंद कॉफी नाही, पण चहा एकात दोन करून मिळेल.

अडचण एकच. इथे जन्मस्थळाचा विषय नाजूक आहे. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीला 100 कोटी जाहीर झाले, तर त्याच्या निषेधात 19 जानेवारी 2020 रोजी शिर्डी बंद झाली. तेव्हा 'परग्रहावरून आलो' एवढ्यावर भागणार नाही. ग्रह कोणता, तालुका कोणता, दाखला आणलाय का, हे विचारलं जाईल.

जोन्ससाहेबांचा जन्म टेक्सासमधल्या सॅन साबाचा. त्यांनी मूळ प्रत आणावी. झेरॉक्स चालणार नाही.