बोलक्या पोशाखाचा बाप

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलाला नटवणारे पालक पुष्कळ असतात. त्या पोशाखाच्या आत स्पीकर बसवणारा बाप ही त्यांतली वेगळी जात. हा गृहस्थ पस्तिशी ओलांडलेला आणि इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेला असतो. त्या पदवीचा नोकरीत आजवर उपयोग झालेला नसतो. दिवसभर तो एक्सेलच्या रकान्यांत आकडे भरतो. घरातल्या एका खणात त्याचे सोल्डरिंग आयर्न, अर्धे संपलेले सोल्डरचे रीळ आणि कॉलेजातला मल्टिमीटर असतो. त्या खणाला कोणी हात लावायचा नसतो. एरवी माणूस निरुपद्रवी. मात्र डिसेंबरात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॅन्सी ड्रेसची सूचना येते आणि तो खण उघडतो.

पुण्यात या बापाचा आवडता विषय डेक्कन क्वीन. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते, तिचा जुना निळा रंग सहज मिळतो आणि टीव्हीच्या खोक्याला खांद्यावरून दोन पट्टे लावले की इंजिन तयार. बाकीचे पालक इथे थांबतात. याला मात्र वाटते, की गाडीने हॉर्न दिला पाहिजे आणि पाठोपाठ फलाटावरची घोषणाही झाली पाहिजे. शाळेत साउंड सिस्टिम असतेच, पेन ड्राइव्ह दिला तर साउंडवाला वेळेवर वाजवेल, असे पत्नी सुचवून पाहते. "अगं, त्यात गाडी वाजत नाही, हॉल वाजतो," हे त्याचे उत्तर. मुद्दा बिनतोड असतो आणि घरात पुढचे तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर जेवता येत नाही.

सुरुवात वजनापासून होते. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावे असे म्हटले आहे. तेच प्रमाण तो पोशाखाला लावतो. पहिलीतले पोर २० किलोचे, म्हणजे मर्यादा २ किलो. रोज सकाळी याहून जड दप्तर त्याच पोराच्या पाठीवर चढवताना हे धोरण त्याला आठवलेले नसते, हे अलाहिदा. केकसाठी आणलेला डिजिटल काटा बाहेर निघतो. पुठ्ठा, रंग, चाके, पट्टे यांचा हिशेब होऊन आवाजाच्या वाट्याला जेमतेम ३०० ग्रॅम येतात.

पहिला उमेदवार घरातला ब्लूटूथ स्पीकर. तो पाण्यात पडला तरी बिघडत नाही, पण वजनाने दुप्पट भरतो. मग हलका, स्वस्तातला मागवला जातो. हा स्पीकर चालू होताच एक बाई आतून इंग्रजीत जोडणी झाल्याची खणखणीत घोषणा करतात. ही डेक्कन क्वीनची घोषणा नव्हे, हे परीक्षकांना पटवणे अवघड. शिवाय फोनवरचे सगळेच त्यातून ऐकू येते. रंगीत तालमीत हॉर्नच्या जागी फोनची रिंग वाजते आणि पलीकडून कर्ज हवे आहे का, अशी विचारणा होते.

दुसरा उमेदवार क्लासमधले सर आणि सहलीचे गाइड वापरतात तो कमरेचा माईक. कमरेला पट्ट्याने बांधायचा डबीएवढा स्पीकर आणि कानामागून ओठांपर्यंत येणारी दांडी. वजनात हा चपखल बसतो. मूल स्वतःच्या तोंडाने घोषणा करील, हाही फायदा. मात्र माईकने पकडलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच माईक पुन्हा पकडतो, ॲम्प्लिफायर तो पुन्हा वाढवतो, आणि दोघांत वीतभरच अंतर असेल तर या देवघेवीची कर्कश शिट्टी होते. सरांचा स्पीकर उघड्यावर असतो. इथे तो खोक्यात कोंडलेला. आजी कानांवर हात ठेवून म्हणतात, "अरे, पोराला गाडी करतोयस की कुकर?"

यानंतर गृहस्थ मनापासून वाट पाहत असलेला टप्पा येतो: स्वतः बनवणे. त्यासाठी शनिवारी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठायची. (हीच जमात मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आढळते.) दुकानदार विचारतो, "किती वॅटचा देऊ साहेब?" वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात, हे त्याने परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले असतात. तरीही ३ वॅट घ्यायला गेलेला तो १० वॅट घेऊन बाहेर पडतो. जाड फेराइट चुंबकामुळे तो स्पीकर हातातच जड लागतो. घरी काटा नाही म्हणतो, आणि दुसऱ्या खेपेला निओडिमियम चुंबकाचा, छोटा आणि महागडा स्पीकर येतो.

त्याच्या जोडीला पीएएम ८४०३ हा नखाएवढा ॲम्प्लिफायर आणि मेमरी कार्डावरचे एमपी३ वाजवणारा डीएफ प्लेअर मिनी. या प्लेअरवर ३ वॅटचा ॲम्प्लिफायर मुळातच असतो, त्यामुळे दुसऱ्याची गरज नसते. पण आणलाय तर लावू.

खऱ्या कौतुकाची गोष्ट पुढे आहे. सुटा स्पीकर टेबलावर वाजवला तर डासासारखा किणकिणतो, कारण पडद्याच्या पुढून आणि मागून निघालेल्या लाटा उलट्या दिशेच्या असतात आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. गृहस्थ कटरने इंजिनाच्या तोंडावर गोल भोक पाडतो, स्पीकर आतून दाबून बसवतो, कडेने ग्लू गन फिरवतो आणि हॉर्न वाजवतो. मागची लाट पुठ्ठ्याआड राहते, हॉर्नला अंग येते. तीन आठवड्यांतला हा एकमेव क्षण, जेव्हा पत्नीही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते. या माणसाची थट्टा करताना एवढे मान्य केले पाहिजे.

विजेचे गणित त्याहून किचकट. पॉवर बँक जड. शिवाय प्लेअर गप्प असताना इतकी थोडी वीज ओढतो, की पॉवर बँकेला फोन काढून घेतल्यासारखे वाटते आणि ती झोपी जाते. विंगेत वाट पाहणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. म्हणून १८६५० क्रमांकाचा लिथियम सेल येतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, ५० ग्रॅमच्या आत. तो ३.७ व्होल्टचा, आणि पूर्ण ३ वॅटला ५ व्होल्ट लागतात. तेव्हा १० वॅटचा हट्ट धरणारा गृहस्थ शेवटी दीडेक वॅटवर समाधान मानतो. मुलाच्या अंगावर लिथियम म्हणून संरक्षक सर्किट, प्लास्टिकची डबी आणि आजींना न सांगणे, अशी तिहेरी काळजी घेतली जाते. अंगावर वागवायच्या आवाजाचा प्रश्न वासुदेवाने चिपळ्या, टाळ आणि घुंगरांत केव्हाच सोडवला आहे आणि त्याला चार्जिंग लागत नाही, ही आजोबांची टिप्पणी अनुत्तरित राहते.

राहता राहिले बटण, आणि घात तिथेच होतो. डीएफ प्लेअरच्या बटणाला दोन कामे असतात: पटकन दाबून सोडले तर फाइल बदलते, दाबून धरले तर आवाज कमी-जास्त होतो. गृहस्थ सोडतो, त्यामुळे घरी सगळे सुरळीत चालते. रंगमंचावर दिवे अंगावर आले की सहा वर्षांचे मूल हाताला लागेल ते घट्ट धरते. धरलेले बटण आवाज कमी करणारे निघते. पहिल्या रांगेत मोबाइल उंचावून उभा असलेला बाप ओठांनी "सोड, सोड" म्हणत राहतो. मुलाला वाटते, हॉर्न सोड. ते आणखी जोरात दाबते. मग काहीच वाजत नाही असे पाहून तोंडाने "पोंऽऽ" करते, फलाट क्रमांकासकट घोषणा म्हणते आणि टाळ्या घेऊन निघून जाते. पहिला क्रमांक टोमॅटोला मिळतो.

त्या रात्री गृहस्थ दोष मुलाला देत नाही, बटणाला देतो, आणि ते खरेही असते. साहित्य खणात परत जाते. भाद्रपदात त्यातला स्पीकर गणपतीच्या मखरामागे बसून धबधब्याचा आवाज काढतो. सेल विजेरीत जातो. पुढच्या डिसेंबरात मूल झाड व्हायचे म्हणून हटून बसते. झाडाला आवाज नसतो, हे त्याने मित्रांकडून पक्के करून घेतलेले असते. बाप वाद घालत नाही. रात्री सगळे झोपल्यावर तो पक्ष्यांच्या आवाजाच्या फाइली डाउनलोड करायला बसतो.