प्रोटियाला पाहुणचार बाधला

आमचा वाशीम जिल्हा नीती आयोगाच्या यादीत ‘आकांक्षित’ आहे. जिल्हाच आकांक्षित म्हटल्यावर तिथल्या निवृत्त मास्तरानं नुसत्या मोगऱ्यावर समाधान मानून कसं चालेल? म्हणून मी बियांपासून प्रोटिया वाढवायला घेतला.

प्रोटिया हा शब्द आपल्याला ठाऊक आहे तो क्रिकेटमुळं. दक्षिण आफ्रिकेच्या संघाला प्रोटियाज म्हणतात, कारण किंग प्रोटिया हे त्या देशाचं राष्ट्रीय फूल. लिनियसनं हे नाव ठेवलं ते प्रोटियस या रूपं बदलणाऱ्या ग्रीक देवावरून. म्हणजे आपल्या भाषेत बहुरूपी. या कुळात इतकी रूपं आहेत की बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं. मला मात्र झुडूप नको होतं, झाड हवं होतं. ते सापडलं: वाबूम. आफ्रिकान्स भाषेत ‘वा’ म्हणजे गाडी आणि ‘बूम’ म्हणजे झाड. तिकडं गेलेल्या डच लोकांनी याच्या लाकडापासून गाड्यांच्या चाकांचे भाग केले, पानांची शाई केली. आमच्याकडं बंडीला बाभूळ, त्यांच्याकडं वाबूम. सोयरीक जुळण्यासारखी होती. जाड सालीमुळं हे झाड वणव्यातून वाचतं, दुष्काळ सोसतं. ‘पाणी कमी लागतं’ हे तीन शब्द वाचले आणि मी ऑनलाइन पैसे भरून मोकळा झालो. उन्हाळ्यात नळाची वाट बघणाऱ्या माणसाला हे तीन शब्द ऐकवून तुम्ही काहीही विकू शकता.

पाकिटात दहा बिया निघाल्या, केसाळ. मायनं एक उचलून उजेडात धरली.

“हे बी व्हय का मांजराचे केस?”

“बी आहे, माय. आफ्रिकेचं.”

“फुलं कधी येतीन?”

“चार-पाच वर्षांनी.”

“मंग मले कायले दाखवून राह्यला?”

बायकोचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. फूल पांढरट असतं असं कळल्यावर ती म्हणाली, “पूजेला चालेल ना?” शास्त्रात याला उत्तर नाही. मी चालेल म्हणून टाकलं.

आता या बियांचा स्वभाव सांगायला हवा. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या डोंगरांवरची झुडपी रानं काही वर्षांनी वणव्यात पेटतात. जुनं जळून जागा मोकळी झाली की मगच रुजायचं, असं तिथल्या कित्येक बियांनी ठरवलेलं असतं. हे त्यांना कळतं कसं? पुष्कळ काळ सगळ्यांना वाटायचं, आगीच्या उष्णतेनं. १९९०मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की नुसता धूरही बीला जागं करतो. तेव्हापासून तिकडं बिया धुराच्या पाण्यात भिजवून पेरतात. म्हणजे आमचे विद्यार्थी परीक्षा आल्याशिवाय पुस्तक उघडत नाहीत, तसं हे बी गावाला आग लागल्याशिवाय डोळे उघडत नाही.

धुराचं पाणी वाशीमला मिळत नाही. धूर मात्र हवा तेवढा मिळतो. नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी मी अंगणात वाळलेलं गवत आणि दोन गोवऱ्या पेटवल्या, वर चाळणी धरली, चाळणीत बिया. पाचच मिनिटांत शेजारच्या काकू फाटकाशी.

“भाऊजी, कोनाची दीट काढून राह्यले?”

“बियांना धूर देतो आहे.”

काकू आत गेल्या आणि मूठभर मीठ-मिरच्या घेऊन आल्या. करायचंच आहे तर नीट करा, असं त्यांचं म्हणणं. नंतर पंधरा मिनिटं सगळी गल्ली खोकत होती. बियांना धूर भरपूर लागला, हे मान्य करायला हवं.

मग मातीचा प्रश्न. आमची माती काळी. दख्खनचे लाव्हाचे थर झिजून झालेली. पावसात फुगते, पाय धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चप्पल गिळते. कपाशी, सोयाबीन, तूर यांना ती आईसारखी. प्रोटियाला हवी रेताड, आंबट, निकृष्ट माती. निकृष्ट! आयुष्यभर आम्ही माती सुपीक करायच्या योजना ऐकल्या. कुणी पाहुणा येऊन ‘तुमच्याकडं जरा वाईट माती मिळेल का’ असं विचारेल असं वाटलं नव्हतं. एका बांधकामावरून टोपलंभर वाळू आणली, तीही अंधार पडल्यावर, कारण सध्या वाळूचं टोपलं डोक्यावर घेऊन चालणाऱ्या मास्तराकडं लोक वेगळ्याच नजरेनं बघतात. मुरूम चाळून मिसळला. बोअरचं पाणी खारट म्हणून प्यायच्या पाण्यात चार थेंब व्हिनेगर टाकून द्यायला लागलो. मायचं मत पडलं की चिंच कोळून घालावी. ते मात्र मी मानलं नाही, वरणाची फोडणी होईल म्हणून.

दिवसा ऊब आणि रात्री गारठा मिळाला तर प्रोटियाचं बी रुजतं, आणि डिसेंबरात आमच्याकडं हे दोन्ही मिळतं. जानेवारीत दहातले चार कोंब वर आले. संक्रांतीच्या वाणापेक्षा घरात त्यांचीच चर्चा जास्त झाली.

आणि मग त्या चौघांनी उन्हाळा काढला! हिरव्या जाळीखाली, दोन दिवसाआड पेलाभर पाण्यावर. मे महिन्यात कुलरपुढं मी अर्धमेला पडलेलो आणि ही मंडळी ताठ. दुष्काळ सोसणारं झाड म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून मी कुंड्या दाखवू लागलो.

मृग लागला आणि उलटी गिनती सुरू झाली. गंमत अशी की केपकडंही पाऊस जून-जुलैतच पडतो. पण तेव्हा तिकडं हिवाळा असतो. पाऊस गार, हवा मोकळी, पाणी वाळूतून खाली निघून जातं. मी फक्त कॅलेंडर जुळवलं होतं, पत्रिका जुळवली नव्हती. आमच्या दमट उकाड्यात दोन रोपं बुडाशी काळी पडून आठवड्यात आडवी झाली. दुष्काळ पचवलेली रोपं पावसानं गेली. तिसरं शेळीनं खाल्लं. तिला पाच वर्षं थांबायचं नव्हतं.

चौथं मात्र टिकलं. ते मी ओट्यावर छपराखाली ठेवलं, पत्र्यावरचं पाणी लागू नये म्हणून वर पोतं बांधलं. जुलैत त्याला नवी पानं फुटली. आणि एका सकाळी बघतो तो पानांच्या कडा करपलेल्या. दुसऱ्या दिवशी अर्धी पानं. शोध घेता आमच्या शेतावरचा सालदार पुढं आला, चोरी कबूल करणाऱ्या माणसासारखा नव्हे, दान सांगणाऱ्यासारखा.

“चार दाने डीएपी टाकलं होतं जी. लेकरू लय बारीक दिसत होतं.”

डीएपी म्हणजे शेकडा १८ नत्र आणि ४६ स्फुरद. हंगामात त्यासाठी रांगा लागतात, आणि त्या माणसानं सोयाबीनच्या वाट्यातून चार दाणे माझ्या कुंडीला आणून दिले होते. रागावणार कसं? प्रोटियाची मुळं बाटली धुण्याच्या ब्रशासारखी दाट झुबके करतात, दरिद्री मातीतला स्फुरदाचा कणन् कण शोधून ओढतात. पण समोर ताट भरलेलं असलं तर त्यांना थांबता येत नाही. लग्नाच्या पंगतीत आग्रह मोडता न येणाऱ्या पाहुण्यासारखं ते रोप खात गेलं आणि आठ दिवसांत वारलं.

मला १९९९चा जून आठवला. वाशीम जिल्ह्याचा पहिला वाढदिवसही व्हायचा होता. एजबॅस्टनला विश्वचषकाची उपांत्य फेरी, धावा बरोबरीत, आफ्रिकेला हवी फक्त एक. आणि क्लूसनर पळाला, डोनाल्ड धावबाद. सगळं जिंकत आणून शेवटी असं करायची प्रोटियाजची तेव्हाची सवय फुलांनाही असेल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या बरोबरीनंतर पुढं गेली ती ऑस्ट्रेलिया. आमच्या अंगणातही तेच झालं. रोपवाटिकेत दुःख सांगायला गेलो तर तिथल्या पोरानं एक रोप पुढं केलं: सिल्व्हर ओक. नाव मुंबईतल्या बंगल्यामुळं महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी. झाड मात्र ओक नाही, आणि कोकणस्थांतलं ओकही नाही. मूळ ऑस्ट्रेलियाचं, चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात, आणि कुळ प्रोटियाचं! सख्खा नसला तरी चुलत. नेचासारखी पानं, खालून चंदेरी. मोठं झालं की नारिंगी फुलांचे कंगवे. मुरमाच्या उंचवट्यावर लावलं आहे, माझ्या खांद्याला लागलं. माय त्याला अजून ‘आफ्रिका’च म्हणते.

प्रोटियाचं दुसरं पाकीट परवा आलं. कुणाला हवं असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. जमीन हलकी आणि वाळूची असावी, आणि घरात फार मायाळू माणसं नसावीत.